ओल किती?

तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील आणि नगरपरिषद पांढरकवड्याला. केळापूर गावाच्या वाट्याला जगदंबेचं देऊळ आणि नवरात्रातली गर्दी. ती ओसरते तोवर शिवारातली बोंडं उमलायला लागलेली असतात.

पहिल्या वेचणीआधी सीतादही. पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच कमरेला ओटी बांधायची. दोन्ही हात सारखे चालतात. बोंडातला कापूस अलगद सुटला पाहिजे, सुकलेलं पान सोबत येता कामा नये. सकाळी दवामुळे पातेरा मऊ असतो, तो मोडून कापसात मिसळत नाही. पण त्याच दवाने कापूस ओलावतो. ऊन तापलं की कापूस कोरडा होतो आणि पातेऱ्याचा चुरा त्याला चिकटतो. वेचणाऱ्या बाया मजुरी घेतात किलोवर. कचऱ्याचा आणि ओलीचा हिशेब मालकाला पुढे द्यावा लागतो.

तो हिशेब जिनिंगच्या फाटकात होतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग 44, याच तालुक्यातून तेलंगणात उतरतो. हंगामात फाटकासमोर कापसाने फुगलेल्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. ग्रेडर ढिगात हात घालून मूठभर कापूस ओढतो, बोटांनी धागा ताणून पाहतो, मग ओल मोजायचं यंत्र आत खुपसतो. आजूबाजूच्या माना आकड्याकडे वळतात.

8 टक्के ओल असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कापला जातो, आणि 12 च्या वर गेलेला कापूस सीसीआय, म्हणजे हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, घेतच नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. म्हणजे यंत्रावरचा एक अंक साधारण 81 रुपयांचा. गाडी परत फिरली तर पुन्हा भाडं, पुन्हा अंगणात वाळवण. नाहीतर शेजारच्या खासगी खरेदीत मिळेल तो भाव. ज्याला दुकानाची उधारी चुकवायची आहे, तो सहसा वाळवत बसत नाही.

जिनिंगच्या आत आवाज एवढा, की माणसं खुणांनी बोलतात. चामडी रोलर फिरतो, धागा त्याला चिकटून सुरीखाली ओढला जातो. सरकी मात्र त्या फटीतून जाऊ शकत नाही. हलती सुरी तिला ठोकते आणि ती जाळीतून खाली पडते. क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम 34 किलो. एका गाठीत 170 किलो रुई, म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ. हवेत तरंगणारी तूस कामगारांच्या भुवयांवर बसते.

गाठी ट्रकमध्ये चढतात आणि महामार्गाला लागतात. सरकी तेलघाणीकडे जाते. तेल काढल्यावर उरलेली ढेप पोत्यात भरून बाजारात येते, आणि कापसाची गाडी रिकामी करून निघालेला शेतकरी जाताना बैलांसाठी त्यातलंच एक पोतं विकत घेतो.