पंधरा वर्षांची मुंबई आणि 2024 ची मुंबई: तुलना करायची तर कशी?

(विक्रोळी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय, आणि आत्ता जिना चढतानाही एका काकांनी विचारला: "शेवटी सांगा, वाडेकरांची टीम भारी की रहाणेची?" मी म्हटलं, काका, तासाभराने सांगतो. ते म्हणाले, मला उत्तर माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघायला आलोय. (हशा)

काकांचं उत्तर काय असणार, हे आपल्याला माहीत आहे. मुंबईने 1958-59 ते 1972-73 सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला. पंधरा! पहिल्या करंडकाच्या वेळी जन्मलेलं मूल पंधराव्याच्या वेळी दहावीच्या उंबरठ्यावर आलेलं होतं. आणि समोर आजची मुंबई आहे. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर विदर्भाला 169 धावांनी हरवून तिने बेचाळिसावं विजेतेपद घेतलं. त्याच ऑक्टोबरात लखनौला शेष भारताविरुद्ध इराणी करंडक, तोही सत्तावीस वर्षांनी. डिसेंबरात बंगळुरूला सय्यद मुश्ताक अली करंडक. एका कॅलेंडर वर्षात तीन करंडक. तरीही माणसं म्हणतात, ठीक आहे, पण पूर्वीची मजा नाही.

मजा बाजूला ठेवू. करंडक मोजून दोन काळांची तुलना होत नाही, एवढं मला आधी दाखवायचं आहे. मग कशाने होते, ते पाहू.

त्या काळात स्पर्धा कशी चालायची? देश पाच विभागांत वाटलेला. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. म्हणजे साखळीत चार सामने. बरीच वर्षं विभागातून एकच संघ पुढे जायचा. दोन जाऊ लागले ते 1970-71 पासून. पुढे दोन किंवा तीन बाद फेरीचे सामने, की करंडक हातात. आजचं पाहा. 2023-24 मध्ये अडतीस संघ होते. वरच्या गटात बत्तीस, आठ-आठांचे चार गट. प्रत्येकी सात साखळी सामने, मग उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम. मुंबई त्या हंगामात दहा सामने खेळली. ती कुठे खेळली, कोणत्या थंडीत, कोणत्या खेळपट्टीवर, हा हिशेब वेगळाच.

म्हणजे पूर्वी सोपं होतं का? थांबा, इतक्यात तिकडे जाऊ नका. मुंबईला सलग पंधरा करंडकांसाठी दरवर्षी निदान दोन बाद फेरीचे सामने जिंकायचे होते, म्हणजे पंधरा वर्षांत तीस. समजा प्रत्येक सामन्यात मुंबई पुढे जाण्याची शक्यता तब्बल नव्वद टक्के होती. तरी तीसच्या तीस पार पडण्याची शक्यता शंभरात चार! यात विभागात पहिलं येण्याची अट धरलेलीच नाही. म्हणजे "समोर कोणी नव्हतंच" या स्पष्टीकरणाने पंधरा वर्षं उलगडत नाहीत. नव्वद टक्केही पुरत नाहीत, त्याहून वर जावं लागतं.

आणि समोर कोणी नव्हतं, हे तर खरंच नाही. त्या पंधरांपैकी सात अंतिम सामने राजस्थानविरुद्ध झाले. राजस्थानकडे सलीम दुराणी होते, हनुमंत सिंग होते, काही वर्षं आपलेच विजय मांजरेकरही तिकडून खेळले. 1966-67 च्या अंतिम सामन्यात हनुमंत सिंग यांनी एका डावात शतक आणि दुसऱ्या डावात नाबाद 213 धावा केल्या. तरी करंडक मुंबईकडे! का? कारण सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाची आघाडी मुंबईची होती.

इथे जरा थांबायला हवं, कारण मुंबईच्या स्वभावाची किल्ली या नियमात आहे. रणजीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे. असा नियम असेल तर शहाणा संघ काय करेल? आधी खूप धावा करेल. तीनशेवर समाधान मानणार नाही, पाचशेकडे बघेल. विकेट फेकणार नाही. आपण ज्याला "खडूस" म्हणतो आणि मोठ्या अभिमानाने म्हणतो, त्याचं मूळ शिवाजी पार्कच्या मातीत आहे असं मानायला मलाही आवडतं. पण थोडं मूळ स्पर्धेच्या नियमावलीतही आहे. वाडेकरांनी 1966-67 मध्येच म्हैसूरविरुद्ध 323 केल्या. त्या धावा म्हणजे नुसती हौस नव्हती, पुढच्या फेरीचं तिकीट होतं.

गंमत अशी की पंधरा वर्षांची साखळी तुटली ती याच शस्त्राने. 1973-74, उपांत्य सामना, बंगळुरू. विश्वनाथ 162, ब्रिजेश पटेल शतक, कर्नाटक 385. मुंबई 307. गावसकरांचा त्रिफळा प्रसन्नाने उडवला, वाडेकर धावबाद झाले. पहिल्या डावाची आघाडी कर्नाटकाची, पुढचा करंडकही त्यांचाच.

हाच प्रश्न जगात दुसरीकडेही पडतो. कॅनडात आइस हॉकीमध्ये माँट्रियल कॅनेडियन्स नावाचा संघ आहे. त्यांची मुंबईच म्हणा ना! चोवीस वेळा स्टॅनले कप. त्यांनी 1956 ते 1960 सलग पाच वेळा तो जिंकला, पण तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते. आज बत्तीस आहेत. 1993 नंतर त्यांना एकदाही कप मिळालेला नाही. तिथले म्हातारेही स्टेडियमच्या कट्ट्यावर बसून हेच म्हणत असणार, आणि तरुणही हेच ऐकून वैतागत असणार. मोठ्या संघाला स्वतःच्या भूतकाळाशी रोज सामना खेळावा लागतो, आणि तो सामना घरच्या मैदानावर असतो.

मग तुलना कशाने करायची? माझ्याकडे दोन कसोट्या आहेत. एक, संघ आपल्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढे होता. दोन, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते: मोठी नावं नसताना संघ काय करतो.

पहिल्या कसोटीवर वाद नाही. आजच्या काळात कोणीच त्या अंतराने पुढे नाही. 2015-16 ते 2024-25 या काळात, कोविडचं एक वर्ष सोडून, नऊ वेळा रणजी झाली. विदर्भ तीनदा, सौराष्ट्र दोनदा, मुंबई दोनदा, गुजरात आणि मध्य प्रदेश एकेकदा. मुंबई सोडली तर या चौघांनी याच दहा वर्षांत आपापल्या नावाने पहिल्यांदा करंडक उचलला. आणि त्यांना शिकवलं कोणी? विदर्भाच्या पहिल्या दोन विजेतेपदांत वसीम जाफर फलंदाज आणि चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. दोघेही आपले. 2022 च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने मुंबईला हरवलं, तेव्हाही त्यांच्या बाजूला पंडित! मुंबई स्वतःचं घराणं वाटत सुटली आणि मग त्याच घराण्याच्या गायकीपुढे हरली. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. पण त्यामुळे आजचा एक करंडक साठच्या दशकातल्या एका करंडकापेक्षा महाग झाला आहे, हे मात्र नक्की.

आता दुसरी कसोटी.

1971 चा वेस्ट इंडीज दौरा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वाडेकर कप्तान, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड. पाचही जण मुंबईचे, आणि पाचही जण तिकडे. त्याच हंगामाचा रणजीचा अंतिम सामना इथे होता. मुंबईची धुरा सुधीर नाईक यांच्याकडे, समोर महाराष्ट्र. घरातले पाच कर्ते बाहेर असताना मुंबई जिंकली. माझ्या मते पंधरांतला हा सगळ्यात मोठा करंडक. गावसकर असताना जिंकणं वेगळं. गावसकर नसताना जिंकलात, तर मागे मैदानं आहेत, कांगा लीग आहे, पावसात चिखल तुडवत खेळणारी पोरं आहेत, हे सिद्ध होतं.

आणि दोन वर्षांनी चेपॉक. 1972-73 चा अंतिम सामना तमिळनाडूशी. मुंबई 151 आणि 113, म्हणजे खडूस फलंदाजी वगैरे काही चाललं नाही. पण तमिळनाडू 80 आणि 61! पद्माकर शिवलकर: सोळा धावांत आठ आणि अठरा धावांत पाच. सामना दोन दिवस आणि एका चेंडूत संपला. हे शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत 589 बळी, पण बेदी असताना दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूला जागा नव्हती. गेल्या वर्षी, म्हणजे मार्च 2025 मध्ये, ते गेले. ज्या संघाचा हुकमी गोलंदाज देशाच्या संघात बसत नाही, तो संघ किती खोल असेल?

आता 2024 घ्या. इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका चालू होती. रोहित, जैस्वाल आणि सर्फराज भारताकडून खेळत होते. मुंबईची वरची फळी डळमळीत, रहाणेच्या बॅटमधून धावा येत नव्हत्या. बडोद्याविरुद्धच्या सामन्यात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आले तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे. कोटियन नाबाद 120, देशपांडे 123! भागीदारी 232. एकाच डावात दहाव्या आणि अकराव्या खेळाडूने शतक ठोकण्याची प्रथम श्रेणीतली ही दुसरीच वेळ. पहिली 1946 ची, इंग्लंडमध्ये सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी. पुढे उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध 7 बाद 106 असताना शार्दूल ठाकूर नवव्या क्रमांकावर येऊन 109 करून गेला. अंतिम सामन्यात वर पडझड झाली तेव्हा पुन्हा शार्दूल, 75. दुसऱ्या डावात एकोणीस वर्षांच्या मुशीर खानचं शतक. कोटियनने हंगामात 502 धावा केल्या आणि 29 बळी घेतले, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच.

हे 1971 चंच चित्र आहे, फक्त उलटं धरलेलं. तेव्हा बाकावरचे फलंदाज आत येऊन उभे राहिले. आता शेपूट उभं राहिलं. आणि ही पोरं येतात कुठून? तेव्हाचा संघ दादर, शिवाजी पार्क, ताडदेव. सोलकर तर हिंदू जिमखान्यावरच वाढले, वडील तिथे माळी होते. आता शार्दूल पालघरचा, रहाणे डोंबिवलीचा, देशपांडे कल्याणचा. किट बॅग घेऊन सकाळच्या गर्दीत चढलेलं पोर बघून आपल्यापैकी किती जणांनी "बॅग वर ठेव रे" म्हणून ओरडलंय, ते आठवा. (हशा) त्यातलं एखादं पुढे वानखेडेवर पोचलं असेल.

पण पुरावा एका बाजूचाच सांगितला तर ते व्याख्यान नव्हे, प्रचार. म्हणून जानेवारी 2025. बीकेसीचं मैदान, समोर जम्मू-काश्मीर. या वेळी सगळे हजर: रोहित, जैस्वाल, रहाणे, श्रेयस, दुबे, शार्दूल. पहिला डाव 120 वर संपला. दुसऱ्या डावात पुन्हा शार्दूलच, 119. जम्मू-काश्मीर पाच गडी राखून जिंकलं. म्हणजे मोठी नावं नसताना ही मुंबई जिंकते आणि असताना हरते? एका सामन्यावरून नियम काढू नये. पण दोन-तीन वर्षांतून एकदा रणजी खेळायला येणारा मोठा खेळाडू आणि दरवर्षी रणजीत घाम गाळणारा मोठा खेळाडू, यांत फरक पडणारच. त्या काळी कसोट्या कमी होत्या, उमरीगर, नाडकर्णी, रमाकांत देसाई हे रणजीचे रोजचे कामगार होते. आजच्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांचं वेळापत्रक त्यांच्या हातात नाही.

तर काका, तुमचं उत्तर. एकूण वर्चस्वात पंधरा वर्षांची मुंबई पुढे, फार पुढे, आणि आजच्या रचनेत तिच्या जवळ कोणी जाईल असं मला वाटत नाही. पण 2024 चा एक करंडक त्या पंधरांच्या शेजारी ठेवा आणि अवघडपणाने क्रम लावा, तर तो माझ्या यादीत तिसरा. वर 1971 आणि चेपॉक. बाकी तेरा त्याच्या खाली.

आणि समजा मला त्या जुन्या अकरांत आजचे बसवायचे असतील, तर दोघांसाठी मी भांडेन. आठव्या क्रमांकावर कोटियन, कारण शिवलकरांच्या डावखुऱ्या फिरकीला दुसऱ्या टोकाकडून ऑफस्पिन हवी. नवव्यावर शार्दूल. रमाकांत देसाईंबरोबर नवा चेंडू टाकेल आणि 7 बाद 106 झाले तर आहेच. फलंदाजीत मात्र मी कोणालाही हलवणार नाही. बोला, प्रश्न घेऊया. आधी काका.