भिंतीऐवजी गवत : ‘जिवंत किनारा’ म्हणजे काय? गळ टाकणाऱ्यांना त्याचा काय फायदा?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराच्या काठी राहणाऱ्यांनी जमीन खचू नये म्हणून वर्षानुवर्षे लाकडी आणि दगडी भिंती बांधल्या. जमीन वाचली, पण हौशी मासेमार ज्या माशांसाठी गळ टाकून बसतात, त्यांचे अन्न आणि आसरा कमी झाला.

भिंतीने काय बिघडते?

भिंतीवर आपटून परत फिरणारी लाट पायथ्याची माती उकरते आणि तिथले पाणी खोल होते. मोठे मासे सहसा शिरत नाहीत अशा उथळ पाण्यातच पिल्ले, कोळंबी आणि छोटे खेकडे तग धरतात. उथळ पट्टाच गेला, तर त्यांना लपायला जागा उरत नाही.

मग जिवंत किनारा कसा असतो?

काठाला हलका उतार देऊन वाळू भरतात आणि त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे स्पार्टिना गवत लावतात. लाटांचा जोर मोडण्यासाठी समोर दगडांचा किंवा कालवांच्या शिंपल्यांचा बुटका बांध घालतात. आपल्याकडे खाडीकाठची खारफुटी जे काम करते, तेच इथे हे गवत करते.

बांधात मुद्दाम फटी ठेवतात. भरतीला छोटे मासे त्यातून गवतात शिरतात आणि ओहोटीला बाहेर पडतात. स्ट्राइप्ड बास, रेड ड्रम असे शिकारी मासे तेव्हा भक्ष्याच्या शोधात अशा जागी येतात. म्हणून ओहोटी लागताना या फटींजवळ गळ टाकणे फायद्याचे ठरते.

कायदा काय सांगतो?

मेरीलँडने 2008 मध्ये कायदा करून अशा किनाऱ्यांना प्राधान्य दिले. जिथे ते शक्य नाही, तिथेच भिंतीला मुभा मिळते. व्हर्जिनियानेही 2020 मध्ये हाच मार्ग धरला.

याने मासे वाढतीलच का?

गळाला जास्त मासे लागले, म्हणजे एकूण संख्या वाढलीच असे नाही. ते फक्त एका जागी गोळा झालेले असू शकतात. स्ट्राइप्ड बास नद्यांच्या गोड्या पाण्यात अंडी घालतो. मेरीलँडच्या वार्षिक पाहणीत 2019 पासून सलग काही वर्षे त्याची पिल्ले सरासरीपेक्षा खूप कमी आढळली. गवत पिल्लांना आसरा देते, पण अंडी घालायला पुरेसे मोठे मासे उरले, तरच त्या आसऱ्याचा उपयोग. त्यामुळे काठ सुधारला तरी पकडीवरची मर्यादा पाळावीच लागेल.