महानगराची हद्द आणि माणसांची वस्ती
भारतीय जनगणनेत महानगराचे मोजमाप महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही. मूळ शहर आणि त्याला सलग जोडून वाढलेली शहरे मिळून जो 'नागरी समूह' होतो, त्याची लोकसंख्या एकत्र धरली जाते. २०११ मध्ये दहा लाखांवरील ५३ नागरी केंद्रांत देशातील सुमारे ४३ टक्के नागरी लोकसंख्या एकवटली होती. बृहन्मुंबई समूहातील सुमारे १ कोटी ८४ लाखांपैकी १ कोटी २४ लाख माणसे महापालिकेच्या हद्दीत, तर उरलेली ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई अशा शेजारी शहरांत राहत होती. मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती तर २००१ नंतरच्या दशकात ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली. म्हणजे महानगर कडेने फुगत असताना त्याचा गाभा विरळ होत गेला, अर्थात 'विरळ' हा शब्द येथे सापेक्षच.