जर्मनकडे जाताना इंग्रजीचा वळसा

इंदूरचा माणिकबाग राजवाडा 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी उभा राहिला. आराखडा बर्लिनच्या एकार्ट मुथेसियस यांचा. त्यांनी केलेल्या लाल आरामखुर्च्यांत वाचनाचे दिवे खुर्चीतच बसवलेले होते. अशा खुर्चीच्या इंग्रजी वर्णनात ‘लाइट’ हा शब्द आला, तर जर्मनमध्ये काय लिहायचं?

शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द बरोबर असतो, हा गैरसमज इथे मोडतो. दिवा किंवा उजेड असेल तर ‘लिश्ट’, वजनाला हलकी असेल तर ‘लाइश्ट’, रंग फिकट असेल तर ‘हेल’. निवड संदर्भच करतो.

याहून घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे जर्मनला इंग्रजीतूनच जावं लागतं, मराठी तिथे निरुपयोगी. वरचं वाक्य पुन्हा पाहा. उजेड, हलका, फिकट हे तीन शब्द आपल्याकडे आधीच वेगळे आहेत. इंग्रजीने ते एकत्र केले, जर्मनने वेगळेच ठेवले. ‘नो’ या क्रियापदाचंही तेच. पत्ता माहीत असतो, तिथे ‘व्हिसन’. माणसाला ओळखतो, तिथे ‘केनन’. आणि ‘मला जर्मन येतं’ यातल्या ‘येतं’साठी तिसरंच क्रियापद, ‘क्योनन’. पोहता येतं, गाता येतं, तिथेही तेच. ‘यू’ म्हटल्यावर तू की तुम्ही हे कळत नाही. जर्मन मात्र ‘डू’ आणि आदरार्थी ‘झी’ वेगळे ठेवते. म्हणून मराठी विद्यार्थ्याने वाक्य आधी मराठीत पक्कं करावं, असं मला मनापासून वाटतं.

अक्षरं जुळली की अर्थही जुळतो, हेही खरं नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात बोल्टवर चढतो तो नट जर्मनमध्ये ‘मुटर’. याच शब्दाचा दुसरा अर्थ आई. अनेकवचनात मात्र नट ‘मुटर्न’ आणि आया ‘म्यूटर’. उलट यंत्रभागाच्या जर्मन नकाशावर इंग्रजी ‘नट’च्याच अक्षरांत लिहिलेला ‘नूट’ दिसला, तर ती खाच असते. तिथे नट शोधला तर काम चुकतं.

मराठी प्रत्येक वेळी वाट दाखवेल असं नाही. काका, मामा, मावशीचे यजमान, सगळे जर्मनमध्ये ‘ओन्केल’. नातं नेमकं सांगायचं तर मामाला ‘आईचा भाऊ’ असं फोडून लिहावं लागतं. ‘मामा’ तसाच ठेवला तर घोटाळा होतो, कारण जर्मन मुलं ‘मामा’ म्हणून आईला हाक मारतात.