न दिसणारा धूर अधिक घातक

शहरातल्या कोणत्याही मोठ्या चौकात सायंकाळी सातच्या सुमारास थोडा वेळ उभे राहून पाहा. तांबडा दिवा लागतो. बस, रिक्षा, मोटारी, स्कूटर एकमेकींना खेटून थांबतात. बहुतेकांची इंजिने चालूच असतात. एखादा जुना टेम्पो काळ्या धुराचा लोट सोडतो, तेव्हा जो तो नाकाला रुमाल लावतो. टेम्पो पुढे गेला, की रुमाल खिशात जातो. धूर गेला, आता भीती नाही, असे आपण समजतो.

हा समज चुकीचा आहे. डोळ्यांना दिसणारी काजळी अपायकारक आहेच. परंतु वाहनांच्या धुराचा जो भाग आपल्याला दिसत नाही, ज्याचा वासही पुष्कळदा येत नाही, तो फुप्फुसांच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात पोहोचतो. १९५१ साली आपल्या देशात नोंदलेली वाहने सुमारे ३ लाख होती. २०२० पर्यंत ही संख्या ३२ कोटींच्या पुढे गेली. तेव्हा हा प्रश्न केवळ दिल्ली-मुंबईचा राहिलेला नाही. इंदूर, नागपूर, हैदराबाद, बडोदा किंवा एखादे तालुक्याचे गाव, जिथे रस्ता आहे तिथे हा प्रश्न आहे.

धुरात असते तरी काय?

पेट्रोल आणि डिझेल मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांची बनलेली असतात. ती पूर्ण जळाली, तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एवढेच निघायला हवे. पण इंजिनात ज्वलनाला सेकंदाचा अगदी छोटा अंश मिळतो. त्यामुळे काही इंधन अर्धवट जळते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीनसारखी द्रव्ये व काजळीचे कण तयार होतात. शिवाय इंजिनातल्या प्रचंड उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. उन्हात यांच्यातून ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो. पण रस्त्यावरचा ओझोन घसा आणि श्वासनलिका पोळतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असला, तरी त्याच्या मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, गरगरते. पुढे झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठतोच असे नाही. म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे, किंवा उभ्या गाडीचे इंजिन व एसी चालू ठेवून काचा लावून झोपणे, हा जिवाशी खेळ आहे. अशा वेळी कोणाला चक्कर आली, तर त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तिथे ऑक्सिजन देणे हाच त्यावरचा मुख्य उपचार असतो.

दुसरा शत्रू म्हणजे सूक्ष्म कण. धूळ आपल्या नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव अडवतात. पण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतके, या पहाऱ्यातून निसटतात. ते फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत जाऊन बसतात. त्यांहून बारीक कण रक्तप्रवाहातही शिरतात. डिझेलच्या काजळीच्या प्रत्येक कणावर अर्धवट जळालेली अनेक विषारी द्रव्ये चिकटलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत.

फुप्फुसच नव्हे, हृदयही

धुराचा संबंध आपण खोकल्याशी आणि दम्याशी जोडतो. हृदयाकडे मात्र लक्ष जात नाही. सूक्ष्म कणांमुळे शरीरात दाह निर्माण होतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. जर्मनीतील ऑग्सबर्ग भागात हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांकडून झटक्यापूर्वीच्या दिवसांतल्या हालचालींची माहिती घेतली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की रहदारीत वेळ घालवल्यानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका जवळपास तिपटीने वाढतो. त्याला प्रवासातला मानसिक ताणही काही अंशी कारण असू शकेल. तरीही ज्यांना आधीच हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनी रहदारीच्या धुराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

शिशाने शिकवलेला धडा

धुरातला न दिसणारा भाग किती घात करू शकतो, हे जगाने एकदा फार महागात शिकून घेतले आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या अभियंत्याला असे आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले, तर इंजिनाची खटखट थांबते. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही विक्री पुन्हा सुरू झाली आणि अर्धे शतक जगभरच्या गाड्या शिसे ओकत राहिल्या. त्या शिशाला ना रंग होता, ना वास.

१९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते, ती मुले बुद्धिमापन चाचणीत मागे पडली. वर्गातही त्यांचे लक्ष लागत नव्हते. ही मुले आजारी दिसत नव्हती. त्यांच्या आई-वडिलांना काही कळण्याचे कारणच नव्हते.

अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे कमी होत गेले, तसे लोकांच्या रक्तातले शिसेही १९७६ ते १९९१ या काळात तीन चतुर्थांशांहून अधिक घटले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच सक्तीचे झाले. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. म्हणजे एका विषाला निरोप द्यायला जगाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

हा बदल कोणा एका कुटुंबाने रुमाल बांधून घडवलेला नाही. इंधन बदलले, कायदा बदलला, तेव्हा मुलांचे रक्त स्वच्छ झाले.

न्यायालय, बस आणि टॅक्सी

आपल्या देशात हे घडवून आणण्यात न्यायालयांचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या हवेसंबंधी ॲड. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. तिच्या सुनावणीत जुलै १९९८ मध्ये न्यायालयाने राजधानीतल्या सर्व बस सीएनजीवर चालवण्याचा आदेश दिला. मुदती टळल्या, वायूच्या पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले. तरी २००२ साल संपेपर्यंत शहराच्या बस सीएनजीवर आल्या. मुंबईतही ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जुन्या टॅक्सींनी हळूहळू सीएनजी स्वीकारला.

एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. गंधक कमी असेल, तरच नव्या गाड्यांतल्या काजळीच्या गाळण्या नीट काम करतात.

असे असूनही दिल्लीची हवा आज पुन्हा काळजीचा विषय झाली आहे. त्याला शेतात जाळले जाणारे पिकांचे अवशेष, बांधकामांची धूळ, कारखाने अशी इतरही कारणे आहेत. पण एकेक गाडी स्वच्छ होत असताना गाड्यांची संख्याच अनेक पटींनी वाढली, हेही विसरता येणार नाही.

सर्वांत जास्त भोगतात ती मुले

मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते. त्याची फुप्फुसे पौगंडावस्था संपेपर्यंत वाढत असतात. शिवाय त्याची उंची अशी, की रस्त्याने चालताना त्याचे नाक गाड्यांच्या धूर सोडणाऱ्या नळीच्या जवळ येते. बाबागाडीतल्या बाळाचे तर विचारायलाच नको.

दक्षिण कॅलिफोर्नियात साडेतीन हजारांहून अधिक मुलांच्या फुप्फुसांची आठ वर्षे मोजणी करण्यात आली. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ, दीड किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी झाल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. या वयात राहिलेली उणीव पुढे भरून निघणे कठीण असते.

मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर दमा किंवा न्यूमोनिया लिहितात. धूर असे कधी लिहीत नाहीत. याला एक अपवाद लंडनमध्ये घडला. रहदारीच्या रस्त्याजवळ राहणारी एला ॲडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याने वारंवार रुग्णालयात जात होती. २०१३ साली ती गेली. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. अखेर डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रदूषित हवा हेही तिच्या मृत्यूचे एक कारण असल्याची नोंद केली. ब्रिटनमध्ये अशी नोंद प्रथमच झाली.

पीयूसीचा कागद काय सांगतो?

पीयूसी प्रमाणपत्र नसेल, तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आपण ते काढतो आणि निश्चिंत होतो. पण या तपासणीत पेट्रोलच्या उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात आणि डिझेलच्या गाडीचा धूर किती दाट आहे ते पाहतात. सूक्ष्म कणांचे वजन किंवा नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजली जात नाहीत. तपासणी आवश्यक आहे, ती प्रामाणिकपणे करून घ्यायला हवी. मात्र तो कागद म्हणजे निर्दोष धुराची हमी नाही.

गाडीची नळीही काही सांगत असते. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळत आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर इंजिनात कूलंट शिरत असण्याची शक्यता असते. तिन्ही वेळा गाडी मेकॅनिकला दाखवणे शहाणपणाचे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब झाला, तर तो काढून नुसती नळी बसवण्याचा स्वस्त सल्ला मात्र कधीही मानू नये.

आपण काय करू शकतो?

• सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी जास्त वेळ थांबायचे असेल, तर इंजिन बंद करा. शाळेच्या दाराशी मुलांची वाट पाहताना तर नक्कीच.

• मोठ्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेले, की धुराचे प्रमाण बरेच उतरते. मुलांना शाळेत नेताना शक्य असेल तर आतल्या गल्लीने न्या, भले पाच मिनिटे जास्त लागोत.

• थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही आणि धूर खालीच कोंडून राहतो. अशा दिवसांत पहाटे हमरस्त्याने फिरायला जाण्यापेक्षा ऊन वर आल्यावर बागेत किंवा मैदानात जावे.

• रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळी बंद ठेवून मागच्या बाजूच्या उघडाव्यात. मोटारीत बसल्यावर कोंडीपुरती बाहेरची हवा आत घेणे बंद करावे.

• रुमाल किंवा साधा कापडी मास्क सूक्ष्म कण अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क बरेचसे कण अडवतो. वायू मात्र तोही अडवत नाही.

• घरातल्या कोणाला दमा असेल, तर डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर बाहेर जाताना जवळ असू द्या.

एवढे करूनही धुरापासून पूर्ण सुटका होणार नाही. जो माणूस दिवसभर चौकात उभा राहून वाहतूक सांभाळतो, जी बाई पदपथावर भाजी विकते, जो रिक्षा चालवतो, त्यांना आतल्या गल्लीचा सल्ला देऊन काय उपयोग? त्यांच्यासाठी वेळेवर येणारी बस हवी, चालण्याजोगे पदपथ हवेत, जुनी अवजड वाहने वस्तीबाहेर ठेवणारे नियम हवेत. आपल्या पालक सभेत, सोसायटीच्या बैठकीत, नगरसेवकापुढे हा विषय काढणे हेही कुटुंबाच्या आरोग्याचेच काम आहे.

आणि हे काम वाया जात नाही, याचा पुरावा त्याच कॅलिफोर्नियात मिळाला. तिथे इंधनाचे व गाड्यांचे नियम कडक होत गेले, तशी हवा सुधारली. फुप्फुसांची क्षमता चिंताजनकरीत्या कमी असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ च्या सुमारास जवळपास ८ टक्के होते, ते २०११ पर्यंत ४ टक्क्यांच्या खाली आले. ही मुले त्याच गावांत, त्याच रस्त्यांच्या कडेला वाढली होती. फक्त त्यांच्या वाट्याला आलेली हवा थोडी स्वच्छ होती.