अक्षर चुकलं, पेशी वाकली!

‘प्रिसिजन मेडिसिन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते बोस्टनची नाहीतर बेंगळुरूची चकचकीत प्रयोगशाळा. पण ज्याचं जसं जनुक, त्याला तसा उपचार, हा धडा ताडोबापासून भामरागडपर्यंतच्या जंगलपट्ट्यात कधीचाच गिरवला जातोय. निमित्त सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. घ्या तर मग, काही गमती आणि काही कामाच्या गोष्टी.

एका अक्षराचा घोळ
हिमोग्लोबिनची साखळी घडवणाऱ्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ आलं, बस्स एवढंच! साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन उतरला की गरगरीत तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी 120 दिवस टिकते, ही जेमतेम 10 ते 20.

रेघा दिसल्या? सुटलात!
गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी बघण्यासारखी असते. बोट टोचून काढलेलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. काही मिनिटांनी रेघा आरपार दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा गायब झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीच सांगते.

तान्ह्यांना सवलत
आईच्या पोटातलं ‘फीटल’ हिमोग्लोबिन जन्मानंतरही काही महिने बाळाला सांभाळून घेतं. म्हणून आजार सहसा सहा महिन्यांच्या आसपास डोकं वर काढतो. याच कारणाने नळीची चाचणी तान्ह्या बाळांत फसू शकते.

मलेरियाशी जुनी सोयरीक
एवढं त्रासदायक जनुक टिकलं कसं? अँथनी अॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. राज्यातल्या मलेरियाचा मोठा बोजा वाहणाऱ्या गडचिरोलीत सिकलसेलही सापडावा, यात नवल नाही. मात्र ही ढाल वाहकांपुरतीच. सिकलसेल रुग्णाला मलेरिया झाला तर ते दुखणं भारीच पडतं.

गोळी तीच, धोका वेगळा
व्हायवॅक्स मलेरियात यकृतात दडून बसलेले जंतू मारायला 14 दिवस प्रायमाक्विन देतात. पण ज्यांच्या शरीरात जी6पीडी हे एन्झाइम कमी, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने फटका पुरुषांना जास्त. म्हणजे मलेरियाची गोळी देतानाही माणसाचं जनुक विचारात घ्यावं लागतं.

‘सौम्य’ म्हणून गाफील राहू नका
भारतातला सिकलसेल बहुतेक ‘अरब-भारतीय’ जनुकगटाचा. त्यात फीटल हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून तो आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा सौम्य मानला गेला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन यांच्या अभ्यासांनी मात्र विदर्भातल्या मुलांत तीव्र आजारही आढळतो, हे दाखवून दिलं.

औषध जुनं, काम नवं
हायड्रॉक्सियुरिया 1869 मध्ये जर्मनीत तयार झालं, तेव्हा सिकलसेलचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. आज ते फीटल हिमोग्लोबिन वाढवून वेदनांचे झटके कमी करतं.

साखरेचा चकवा
तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी तपासणी सिकलसेल रुग्णात फसवी ठरते. पेशीच तीन महिने जगत नाही, तर हिशेब कुठून लागणार?

आधी विचारा, मग शोधा
डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत सुरुवातीलाच सिकलसेलचा अभ्यास केला. आजार सापडला, सरकारने उपचाराची सोयही केली. पण लोक फिरकलेच नाहीत. ही गरज त्यांनी सांगितलेलीच नव्हती! डॉ. बंग हा किस्सा स्वतःच सांगतात. पुढे संस्थेने आधी लोकांना विचारायचा पायंडा पाडला. तिथल्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं, तेही आदिवासींच्याच पसंतीने.

केंद्र आलं दारात
हिमोग्लोबिनच्या आजारांवर संशोधन, उपचार आणि नियंत्रण यांसाठी आयसीएमआरचं खास केंद्र चंद्रपुरात आहे. त्याचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं. 2023 च्या जुलैत देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली. उद्दिष्ट आहे 7 कोटी लोकांच्या तपासणीचं.

कात्रीला नाव बिरसांचं
जनुक-संपादनाचा ‘कॅसजेव्ही’ हा पहिला उपचार 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मंजूर केला. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर! दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संस्थेने जनुकाच्या या कात्रीला देशी पर्याय घडवला, तो नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाला. नाव ‘बिरसा 101’, भगवान बिरसा मुंडांवरून. तंत्रज्ञान सोपवलं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. आयजीआयबीच्याच कोविड चाचणीचं नाव होतं ‘फेलुदा’, सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं!

पत्रिकेआधी रक्त
नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तिघं सुटली’ हा हिशेब साफ खोटा, दर वेळी फासे नव्याने पडतात. म्हणून लग्न ठरवताना दोन्हीकडचे अहवाल आधी बघावेत. फक्त एकच जण वाहक आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर मूल रुग्ण होत नाही. सोयरीक मोडायचं कारणच नाही.

उन्हाळ्यात तांब्या जवळ
शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी लवकर वाकतात. चंद्रपूरचा पारा 47-48 अंशांवर चढतो, तेव्हा रुग्णाने तहानेची वाट न बघता पाणी पीत राहावं. आणि तपासणीला जायचं तर भाड्याची काळजी नको. प्रमाणपत्र दाखवलं की सिकलसेल रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत तिकीट माफ!