न सांगितलेल्या दिवसाची तयारी

कामगार चळवळीतल्या माणसाने ख्रिस्ती धर्मातील अंतकाळाच्या कल्पनेवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु तळवडे-चाकण पट्ट्यात काम करताना ख्रिस्ती कामगारांशी आमचा संबंध येत गेला, त्यांनी दिलेली शुभवर्तमाने आम्ही वाचली, आणि त्यांतल्या काही गोष्टी आमच्या रोजच्या कामाच्या फार जवळच्या निघाल्या. धर्मशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. जे समजले तेवढे सांगतो.

ख्रिस्ती माणसाची श्रद्धा अशी की, येशू ख्रिस्त एकदा येऊन गेला आणि जगाच्या अखेरीस तो पुन्हा येईल. तेव्हा सर्वांचा न्याय होईल. केव्हा येईल? मत्तयाच्या 24 व्या अध्यायात येशूचे उत्तर असे आहे की, तो दिवस व ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. ती एकट्या पित्याला ठाऊक आहे. आपल्याला हे जरा अवघड वाटते. तळवड्याच्या शेजारी देहू. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, हे पंचांगात पाहावे आणि तयारीला लागावे. या दिवसाला मात्र कोणत्याही पंचांगात रकाना नाही.

मग तारीख न सांगता तयार राहा म्हणण्यात हशील काय? याचे उत्तर आम्हांला कारखान्यात सापडले. तपासनीस येणार ही बातमी आदल्या दिवशी फुटली की काय होते, हे येथे बसलेल्या कामगारांना सांगायला नको. रात्रीतून मशीनवर गार्ड बसतात, हातमोजे वाटले जातात, लाल बादल्यांत वाळू भरली जाते, खोक्यांनी बुजलेली वाट मोकळी होते. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की हातमोजे परत कपाटात! अशा तयारीने कोणाचे बोट वाचत नाही. तारीख कळली की माणूस तारखेपुरता चांगला होतो; ती कळली नाही, तर त्याला रोजच नीट वागावे लागते. आमच्या समजुतीप्रमाणे या शिकवणीचे मर्म ते हेच.

हे नीट वागणे म्हणजे काय, तेही मोघम ठेवलेले नाही. मार्काच्या 13 व्या अध्यायात परदेशी जाणारा एक धनी आहे. तो घर चाकरांच्या हवाली करतो, प्रत्येकाला ज्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. तो संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की सकाळी, याचा नेम नाही. म्हणजे सगळ्या पाळ्या यात आल्या. लूकाच्या 12 व्या अध्यायातील दाखला आम्हांला त्याहून आवडतो. तेथे एक कारभारी आहे, आणि त्याचे काम इतर चाकरांना वेळेवर शिधा देणे हे आहे. धनी यायला उशीर लागेल असे मनाशी म्हणून तो चाकरांना व दासींना मारू लागतो, स्वतः खाऊनपिऊन झिंगतो, आणि धनी नेमका तेव्हा येतो. त्या कारभाऱ्याने प्रार्थना केली होती की नाही, याची चौकशी दाखल्यात नाही. हाताखालच्या माणसांचे पोट वेळेवर भरले की नाही, एवढेच तेथे पाहिले आहे. पगाराची तारीख पुढे ढकलणाऱ्या किती ठेकेदारांनी हा अध्याय वाचला असेल?

आणखी एक बारकावा. मत्तयाच्या दहा कुमारींच्या गोष्टीत वर यायला उशीर झाल्यावर दहाही जणी झोपतात, शहाण्याही झोपतात. फरक एवढाच की, शहाण्यांनी दिव्याबरोबर वेगळे तेल आणलेले असते. तेव्हा भीतीने रात्र जागून काढणे ही काही तयारी नव्हे.

ही शिकवण विपरीत समजली गेल्याची उदाहरणेही जुनी आहेत. थेस्सलनीका येथील मंडळीत काही जण रिकामे हिंडू लागले होते. शेवट जवळ आला म्हणून त्यांनी काम सोडले, असा पुष्कळ अभ्यासकांचा तर्क आहे. स्वतः तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने त्यांना लिहिले की, जो काम करायला राजी नाही त्याने खाऊही नये. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याच्या अनुयायांनी दानिएलाच्या ग्रंथावरून हिशेब मांडून 22 ऑक्टोबर 1844 ही तारीखच धरली. काहींनी उभे पीक शेतात सोडून दिले. दिवस उजाडला आणि मावळला.

या निराशेतून पुढे जो पंथ उभा राहिला, तो आपल्याला परका नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची रीतसर स्थापना 1863 साली झाली. पुनरागमन जवळ आहे असे ती मानते, पण त्याची तारीख सांगत नाही. औंधचे स्पायसर महाविद्यालय याच मंडळीचे. 1915 साली कोइमतूरला लहान शाळा म्हणून निघालेली ही संस्था 1942 साली पुण्यात आली. मंडळीचे छापखाना व प्रकाशनगृह सॅलिसबरी पार्कात, आणि त्याचे नाव ओरिएंटल वॉचमन, म्हणजे पूर्वेचा पहारेकरी! जग लवकर संपणार असे मानणाऱ्यांनी शाळा बांधाव्यात, झाडे लावावीत, हे वरवर विसंगत दिसते; पण मार्काचा दाखला वाचल्यावर त्यात विसंगती उरत नाही. एक गोष्ट मात्र आम्हांला पटत नाही, आणि ती येथे स्पष्ट सांगतो. कामगार संघटनांपासून दूर राहावे, अशी या मंडळीची जुनी शिकवण आहे. चाकरांना मारणाऱ्या कारभाऱ्याचा हात एकट्या चाकराने कसा धरावा, हे आम्हांला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण त्याहून जवळचे. मुक्तिसदनात 1905 साली मोठी धार्मिक जागृती झाली. रात्र रात्र प्रार्थना चालत. त्याच आवारात मुलींसाठी शाळा होती, हातमाग होते, छापखाना होता. रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते.

आता तळवड्याकडे येऊ. 8 डिसेंबर 2023 रोजी, शुक्रवारी, येथील एका कारखान्याला आग लागली. तेथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तयार होत. 6 जण त्याच दिवशी गेले, भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढे उपचार चालू असताना गेले. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्याआधीच्या रविवारी, 3 डिसेंबरला, नाताळापूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला होता. त्या दिवशी कॅथलिक देवळांत वाचला गेला तो मार्काचा द्वारपाळाचाच दाखला. वाचनाच्या क्रमाप्रमाणे तो तीन वर्षांतून एकदा येतो.

यात आम्ही कसलाही संकेत शोधीत नाही. तसे करणे हा त्या मृत स्त्रियांचा अपमान होईल. जागृत राहा, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्या नेमून दिलेले कामच करीत होत्या. ज्याच्याकडे पुष्कळ सोपवले त्याच्याकडे अधिक मागितले जाईल, असा लूकाच्या त्याच अध्यायाच्या पुढच्या भागाचा आशय आहे. घर ज्याच्या हवाली होते, जाब त्याच्याकडे.

लहान शेडमधील कामगारांच्या बैठकीत पगाराचा विषय काढण्याआधी आम्ही आता तीन गोष्टी विचारतो. मागचे दार कोठे उघडते? त्याला कुलूप असते का? आणि रात्रपाळीला किल्ली कोणाजवळ असते? पहिल्या दोहोंची उत्तरे मिळतात. तिसऱ्याला पुष्कळदा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.